नकाशांचे सामाईक पोर्टल वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या प्रदेशाचे रस्ते, नद्या, सीमा, जमिनीचा वापर, उंचसखलपणा अशी सगळी माहिती वेगवेगळ्या खात्यांनी आणि संस्थांनी मिळून एका ठिकाणी ठेवली, की काम करणाऱ्यांची मोठी सोय होते. पण अशा पोर्टलवर पहिल्यांदा आलेला माणूस ठरावीक जागी हमखास अडतो. नव्या लोकांना शिकवताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू आले, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण घोटाळे तिथेच होतात.

मोबाइलमध्ये नकाशा असताना हे वेगळे पोर्टल कशाला?

मोबाइलमधला नकाशा तुम्हाला इथून तिथे पोचवण्यासाठी बनवलेला असतो. त्यात नदी म्हणजे एक निळी रेघ. पोर्टलवर त्याच रेघेवर टिचकी मारली, की तिच्यामागचा तक्ता उघडतो: नाव, लांबी, कोणत्या खोऱ्यातली, बारमाही की हंगामी, कोणी कधी मोजली. शिवाय त्या माहितीला प्रश्न विचारता येतात. नदीपासून ५०० मीटरच्या आत किती शाळा आहेत, किंवा एखादा प्रस्तावित रस्ता किती हेक्टर जंगलातून जातो, याचे उत्तर रोजच्या नकाशातून निघत नाही. इथे निघते.

लेअर म्हणजे काय?

एकाच आकाराचे पारदर्शक कागद एकावर एक ठेवले आहेत असे समजा. एकावर फक्त रस्ते, दुसऱ्यावर फक्त नद्या, तिसऱ्यावर सीमा. यातला प्रत्येक कागद म्हणजे एक लेअर. तो दाखवता, लपवता, वरखाली सरकवता येतो. एखादा लेअर सुरू करूनही दिसत नसेल, तर तो बहुधा दुसऱ्याच्या खाली झाकला गेलेला असतो. यादीत ओढून तो वर आणावा.

लेअर दोन जातींचे असतात. बिंदू, रेषा आणि बहुभुज यांनी बनलेला तो व्हेक्टर: विहीर हा बिंदू, रस्ता ही रेषा, तलाव हा बहुभुज. दुसरा रास्टर, म्हणजे चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो, मग तो उंचीचा असो, तापमानाचा किंवा रंगाचा. उपग्रहाची प्रतिमा रास्टर असते. हा भेद लक्षात ठेवावा, कारण डाउनलोडचे स्वरूप आणि पुढची सगळी साधने त्यावर ठरतात.

पोर्टलवर आहे म्हणजे माहिती पोर्टल चालवणाऱ्यांनी तपासलेली असते ना?

तशी खात्री धरू नका. सामाईक पोर्टल हे बरेचसे ग्रंथालयासारखे असते. ग्रंथपाल पुस्तक नीट लावून ठेवतो, त्यातल्या प्रत्येक वाक्याची हमी देत नाही. रस्त्यांचा लेअर एका खात्याचा, मृदा नकाशा एखाद्या संशोधन संस्थेचा, झऱ्यांची नोंद स्वयंसेवकांच्या गटाची असू शकते. तिघांची मोजण्याची पद्धत वेगळी, हेतू वेगळा आणि काळही वेगळा. एकाच पडद्यावर एकत्र दिसले म्हणून ते एकाच दर्जाचे ठरत नाहीत. प्रत्येक लेअरला त्याचा स्वतःचा धनी असतो, आणि शंका त्यालाच विचारायची असते. त्याचे नाव आणि संपर्काची सोय मेटाडेटात दिलेली असते.

मेटाडेटा खरंच वाचावा लागतो का?

हो, आणि तोही डाउनलोड करण्याआधी. या पानावरचे एकच उत्तर वाचायला तुमच्याकडे वेळ असेल, तर ते हे असावे असे मला वाटते.

मेटाडेटा म्हणजे माहितीबद्दलची माहिती. भौगोलिक माहितीसाठी तो कसा लिहावा याचे आयएसओ १९११५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे बहुतेक पोर्टलवर त्याचा साचा सारखाच दिसतो. पाने लांबलचक असतात, पण सुरुवातीला पाच गोष्टी पाहिल्या तरी पुरते. पहिली, तारीख. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण तारखा तीन प्रकारच्या असतात: मोजणी कधी झाली, लेअर कधी तयार झाला आणि पोर्टलवर कधी चढवला. गेल्या महिन्यात चढवलेला लेअर वीस वर्षांपूर्वीच्या मोजणीवर आधारलेला असू शकतो. तुम्हाला हवी असते ती मोजणीची तारीख. दुसरी गोष्ट, मूळ नकाशाचे प्रमाण. तिसरी, संदर्भ प्रणाली, म्हणजे अक्षांश-रेखांश किंवा मीटरमधले आकडे कोणत्या चौकटीत मोजले आहेत ते. चौथी, वापराचा परवाना. पाचवी, लेअर कशासाठी केला होता. पुराच्या इशाऱ्यासाठी घाईने काढलेली पाण्याची हद्द आणि सावकाश सर्वेक्षण करून आखलेली तलावाची हद्द, दोन्ही निळे बहुभुजच असतात.

ज्या लेअरचा मेटाडेटा कोरा आहे, तो मी पार्श्वभूमी म्हणून वापरते. त्यावर आकडेमोड करत नाही.

खाते काढावे लागते का?

पाहण्यासाठी आणि खुले लेअर उतरवण्यासाठी सहसा लागत नाही. नकाशा जतन करणे, स्वतःची माहिती चढवणे, दुसऱ्यांबरोबर संपादन करणे यासाठी लागते. संस्थेच्या वतीने काम करत असाल, तर एकच पासवर्ड पाच जणांनी वापरू नये. कोणती दुरुस्ती कोणी केली हे नंतर कळणे सामाईक कामात फार महत्त्वाचे असते.

ठिकाणाचे नाव शोधले तर सापडत नाही. ते नकाशावर डोळ्यांना मात्र दिसते आहे!

नावांच्या बाबतीत संगणक अतिशय काटेकोर असतो. मूळ लेअरमध्ये नाव रोमन लिपीत असेल, तर देवनागरीतला शोध रिकामा परत येतो. रोमनमध्येही एकाच नावाची तीन-चार स्पेलिंगे फिरत असतात, कारण जुन्या नकाशांवरची स्पेलिंगे आणि आजची वेगळी आहेत.

देवनागरीतही एक खाचखळगा आहे, आणि तो खास आपल्या भाषेला नडणारा आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येते: एक तर स्वतंत्र चिन्ह म्हणून, नाहीतर साध्या ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचे टिंब) जोडून. ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ असलेले नाव दोन कीबोर्डवरून टंकले, तर पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण शोधयंत्राला ती वेगळी वाटू शकतात. अशा वेळी नावाचा फक्त सुरुवातीचा भाग टंकून शोधावे, किंवा त्या ठिकाणाचा अधिकृत सांकेतिक क्रमांक वापरावा. तेही जमले नाही, तर अक्षांश-रेखांश देऊन थेट जागेवर जावे आणि तिथल्या वस्तूवर टिचकी मारून लेअरमध्ये नाव कसे लिहिले आहे ते पाहावे.

आधी अक्षांश लिहायचे की रेखांश?

बोलताना आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, आणि शोधाच्या चौकटीत बहुधा तोच क्रम चालतो. पण संगणकाच्या हिशेबात रेखांश आडवा अक्ष आणि अक्षांश उभा अक्ष असतो, म्हणून कित्येक ठिकाणी रेखांश आधी येतो. जिओजेसन या फाइल-स्वरूपाचे २०१६ सालचे मानक स्पष्टच सांगते: आधी रेखांश, मग अक्षांश. क्रम उलटला की बिंदू भलत्याच खंडात किंवा समुद्रात जाऊन पडतात. तक्ता चढवताना कोणता स्तंभ कशाचा आहे हे विचारले जाते. तिथे अंदाजाने ‘पुढे’ दाबू नका.

सगळे बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एकाच जागी गोळा झाले असतील, तर तुमच्या तक्त्यातले स्थानाचे रकाने रिकामे राहिले आहेत. रिकाम्या रकान्याचा शून्य होतो, आणि ० अक्षांश, ० रेखांश ही जागा तिथेच येते.

आणखी एक नेहमीची चूक: २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.३० नव्हे. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून ते २०.५ होते. या एका चुकीने बिंदू सुमारे २२ किलोमीटर सरकतो.

दशांश चिन्हानंतर किती आकडे ठेवावेत?

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. त्या हिशेबाने तिसऱ्या दशांश स्थळाला सुमारे १११ मीटर, पाचव्याला सुमारे १.१ मीटर आणि सहाव्याला ११ सेंटिमीटर. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची जीपीएस नोंद पाच मीटरच्या आसपास अचूक असते. झाडी आणि उंच इमारतींत त्याहून वाईट. तेव्हा मोबाइलने घेतलेल्या नोंदीला पाच दशांश स्थळे भरपूर झाली. बारा-तेरा आकडे लिहिले, तर वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज होतो.

दोन लेअर एकमेकांवर बसत नाहीत, सगळेच थोडे बाजूला सरकलेले दिसते. बिघाड कुठे आहे?

पृथ्वी नेमकी गोल नाही. तिचा आकार गणितात बसवण्यासाठी वेगवेगळ्या काळी वेगवेगळे लंबगोल धरले गेले आणि ते पृथ्वीला वेगवेगळ्या तऱ्हेने टेकवले गेले. या मांडणीला डेटम म्हणतात. जीपीएस आणि आजची बहुतेक पोर्टले डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम वापरतात. जुने छापील नकाशे त्या त्या भूभागाला जवळून बसणाऱ्या लंबगोलावर बेतलेले असत. १८३० सालचा एव्हरेस्ट लंबगोल हे त्याचे एक उदाहरण. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन डेटममध्ये वेगळे येतात, आणि फरक शेकडो मीटरचा असू शकतो.

मी एकदा जुन्या नकाशावरून उतरवलेल्या विहिरींची यादी नव्या प्रतिमेवर टाकली होती. सगळ्या विहिरी एकाच दिशेला, एकसारख्या अंतराने सरकलेल्या. माझ्याबरोबरच्या माणसाने त्या हाताने एकेक ओढून जागेवर बसवायला घेतल्या आणि दोन दिवस त्यात गेले. मूळ डेटम विचारून रूपांतर केले असते, तर ते काही मिनिटांचे काम होते. हाताने ओढलेल्या विहिरींपैकी कोणती किती ओढली याची नोंदही राहिली नाही, म्हणून शेवटी मूळ यादीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

ओळखण्याची खूण अशी: सगळ्या वस्तू एकाच दिशेने सारख्या सरकल्या असतील, तर डेटमचा किंवा संदर्भ प्रणालीचा घोळ. काही नीट बसतात आणि काही नाहीत, तर मोजणीचाच प्रश्न. आणि लेअर नकाशावर कुठेच दिसत नसेल, तर त्याच्याबरोबर संदर्भ प्रणालीची फाइल आलेली नाही किंवा चुकीची प्रणाली निवडली गेली आहे.

प्रत्येक संदर्भ प्रणालीला ईपीएसजी क्रमांक असतो. ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ वरचे अंशांतले अक्षांश-रेखांश. ३८५७ म्हणजे वेबवरच्या नकाशांचे मर्केटर प्रक्षेपण; प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची रीत. ३२६ ने सुरू होणारे पाच आकडी क्रमांक उत्तर गोलार्धातल्या यूटीएम पट्ट्यांचे, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीचे. अशा पट्ट्या ६० आहेत आणि प्रत्येकी ६ अंश रुंद. हे तीन ओळखता आले, तरी निम्म्याहून जास्त अडचणी सुटतात.

पडद्यावर मोजलेले क्षेत्रफळ कागदोपत्री आकड्यापेक्षा जास्त का येते?

तुम्ही वेब मर्केटरमध्ये मोजत असाल. हे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जाल तसतसे सगळे फुगवते. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. पडद्यावर नकाशा सरकवायला ते सोयीचे आहे, मोजमापाला मुळीच नाही. चांगल्या पोर्टलचे मोजपट्टीचे साधन पृथ्वीची वक्रता धरून हिशेब करते, पण लेअर उतरवून तुम्ही स्वतः गणित केले तर ती काळजी तुमची. क्षेत्रफळासाठी समक्षेत्र (क्षेत्रफळ न बदलणारे) प्रक्षेपण घ्यावे, छोट्या भागासाठी आपला यूटीएम पट्टा चालतो. अंशांमध्ये मोजलेले ‘चौरस अंश’ कोणाच्याही उपयोगाचे नसतात.

झूम करत गेलो की अचूकताही वाढते ना?

नाही. रेषा नुसती मोठी दिसते.

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघही २५ मीटर जमीन झाकते. असा नकाशा गिरवून केलेला लेअर तुम्ही घराचे छप्पर दिसेपर्यंत मोठा केलात, तरी त्या २५ मीटरांचा संशय त्यातून जात नाही. १:२,५०,००० च्या नकाशात तोच १२५ मीटर होतो. म्हणूनच एखादी सीमारेषा इमारतीच्या मधोमध जाताना दिसली, तर लगेच निष्कर्ष काढू नये. आधी मेटाडेटातले प्रमाण पाहावे. काही पोर्टले ठरावीक झूमपलीकडे लेअर आपोआप बंद करतात. लोक त्याबद्दल तक्रार करतात, मला मात्र ती पद्धत योग्य वाटते.

एकाच नदीची लांबी दोन लेअरमध्ये वेगवेगळी आहे. खरी कोणती?

दोन्ही आपापल्या प्रमाणात बरोबर असू शकतात. लघुप्रमाण नकाशात छोटी वळणे सरळ केलेली असतात, बृहत्प्रमाण नकाशात ती सगळी काढलेली असतात, म्हणून तिथे लांबी जास्त भरते. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सीमा आणि किनाऱ्यांच्या लांबीत ही गोष्ट टिपली होती. १९६७ साली बेन्वा मांडेलब्रो यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवरच्या आपल्या शोधनिबंधात ती पुढे मांडली: मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब. तेव्हा लांबी लिहिताना कोणत्या प्रमाणाच्या लेअरवरून मोजली तेही लिहावे, आणि दोन नद्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच लेअरमधल्या घ्याव्यात.

उपग्रहाची प्रतिमा आजची आहे का?

पार्श्वभूमीला दिसणारी गुळगुळीत प्रतिमा बहुतेक वेळा निरनिराळ्या दिवशी टिपलेल्या तुकड्यांची गोधडी असते. शेजारच्या दोन तुकड्यांत काही वर्षांचे अंतर असू शकते. एकीकडे शेते हिरवी आणि लगेच पलीकडे कोरडी दिसली, तर ऋतू बदललेला असतो, पीक नव्हे.

तारखेवार प्रतिमा हव्या असतील, तर पोर्टलवरचा काळानुसार निवडीचा लेअर पाहा. लँडसॅट ही उपग्रहांची मालिका १९७२ पासून सुरू आहे आणि तिचा संग्रह २००८ पासून सर्वांना मोफत खुला झाला. तिच्या आजच्या उपग्रहांच्या बहुतेक पट्ट्यांत (म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत) एक चौकट ३० मीटरची असते. सेंटिनेल-२ मालिकेचा पहिला उपग्रह २०१५ साली अवकाशात गेला. तिच्या दृश्य पट्ट्यांची चौकट १० मीटरची, आणि दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर एकाच जागेवर साधारण पाच दिवसांनी पुन्हा येतात. ढग असतील तर ती फेरी वाया जाते, हे पावसाळी महिन्यांच्या प्रतिमा शोधणाऱ्यांनी धरून चालावे. १० मीटरच्या चौकटीत एकटे झाड किंवा पाऊलवाट दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. जंगलाचा डाग, तलावाचे आटणे, जळालेला डोंगर हे मात्र फार छान दिसते. पन्नास वर्षांचा हा साठा कोणालाही पैसे न देता बघता येतो, याचे मला अजूनही अप्रूप आहे.

उंचीचे आकडे कुठून येतात आणि त्यांवर किती भरवसा ठेवावा?

पुष्कळ पोर्टलवर एसआरटीएम नावाच्या अवकाश मोहिमेचा साठा असतो. फेब्रुवारी २००० मध्ये एका अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने साधारण ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढा भाग मोजला, त्यातून तो तयार झाला. चौकट सुमारे ३० मीटरची. त्या रडारच्या लहरी दाट जंगलात जमिनीपर्यंत पूर्ण पोचत नाहीत, म्हणून तिथली उंची झाडांच्या शेंड्यांकडे झुकते. दाट वस्तीत छपरांकडे. डोंगर, खोरी आणि पाण्याचा मोठा उतार समजायला हा साठा उत्तम आहे. सपाट प्रदेशात घराच्या उंबऱ्याला पाणी लागेल की नाही हे त्यावरून ठरवणे धोक्याचे आहे, कारण तिथे अर्ध्या मीटरनेही फरक पडतो आणि या साठ्यातली चूक काही मीटरची असते. शिवाय २००० नंतर झालेली धरणे, खाणी, भराव त्यात नाहीत.

डाउनलोड कोणत्या स्वरूपात करावे?

पर्याय असेल तर व्हेक्टरसाठी मी जिओपॅकेज घेते. एकच फाइल, आत अनेक लेअर, नावांवर बंधन नाही. हे मानक २०१४ पासून आहे.

शेपफाइल अजून सगळीकडे चालते, पण ती १९९० च्या दशकातली आहे आणि तिचे वय जाणवते. ती एक फाइल नसतेच. एकाच नावाच्या तीन-चार तरी फाइली मिळून ती बनते. त्यातली फक्त एसएचपी ही आकारांची फाइल कोणाला पाठवली, तर समोरच्याकडे ती नीट उघडत नाही. पीआरजे फाइल मागे राहिली तर संदर्भ प्रणाली हरवते. म्हणून ती नेहमी झिप करून पाठवावी. तिच्यात स्तंभाचे नाव दहा अक्षरचिन्हांत तुटते, त्यामुळे ‘लोकसंख्या’ या शब्दाने सुरू होणारे दोन स्तंभ उतरवल्यावर ओळखू येईनासे होतात. एका फाइलची मर्यादा २ जीबी.

थोडी माहिती वेबपानावर दाखवायची तर जिओजेसन. नुसती पाहायची किंवा मोबाइलवर न्यायची तर केएमएल. रास्टरसाठी जिओटिफ. पडद्याचा फोटो काढून घेऊ नका; त्यातून जागेची माहिती निघून जाते. या सगळ्या फाइली उघडायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

उतरवलेल्या तक्त्यात देवनागरीऐवजी चौकोन आणि विचित्र चिन्हे का येतात?

फाइल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतात आहे आणि तुमचा प्रोग्रॅम ती दुसऱ्या संकेतात वाचतो आहे. सीएसव्ही फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडण्याऐवजी स्प्रेडशीटच्या ‘इम्पोर्ट’मधून उघडा आणि तिथे यूटीएफ-८ निवडा. त्याच पडद्यावर सांकेतिक क्रमांकांचा स्तंभ ‘मजकूर’ असा ठरवून द्या. तसे केले नाही, तर ००५२ चा ५२ होतो आणि पुढे जुळणी करताना ते ठिकाण गळते. बिघडलेली फाइल ‘सेव्ह’ केलीत, तर अक्षरे कायमची जातात. आधी मूळ प्रत बाजूला ठेवावी.

दर वेळी डाउनलोड करण्याऐवजी लेअर थेट जोडता येतो का?

येतो. लेअरच्या पानावर डब्ल्यूएमएस किंवा डब्ल्यूएफएस असा दुवा असतो, तो क्यूजीआयएसमध्ये चिकटवायचा. डब्ल्यूएमएसमधून नकाशाचे तयार चित्र येते, डब्ल्यूएफएसमधून प्रत्यक्ष रेषा, बिंदू आणि तक्ता. मोजणी, गाळणी करायची असेल तर दुसरा. थेट जोडणीत माहिती नेहमी ताजी मिळते. अहवाल लिहिताना मात्र हाच तोटा ठरतो, कारण आज दिसलेला आकडा पुढच्या महिन्यात बदलू शकतो. अहवालासाठी प्रत उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात तारीख लिहा.

माझ्याकडे ठिकाणांच्या नावांचा तक्ता आहे. तो नकाशाला कसा जोडू?

नावाने जोडू नका, सांकेतिक क्रमांकाने जोडा. एकाच नावाची अनेक ठिकाणे असतात आणि एकाच ठिकाणाची अनेक शुद्धलेखने. जोडल्यावर किती ओळी जुळल्या ते मोजा. न जुळलेल्या ओळी गुपचूप गायब होतात, कोणी इशारा देत नाही.

दुसरे म्हणजे, प्रशासकीय सीमा बदलत राहतात. विभाग फुटतात, जोडले जातात. जुन्या वर्षाचा तक्ता आजच्या सीमांना जोडला, तर नव्या विभागांना आकडे मिळत नाहीत आणि जुन्याचे आकडे लहान झालेल्या क्षेत्रात कोंबले जातात. तक्ता ज्या वर्षाचा, सीमांचा लेअरही त्याच वर्षाचा हवा.

आणि रंग भरताना एकूण संख्येला रंग देऊ नका. मोठ्या विभागात सगळेच जास्त असते, त्यामुळे नकाशा फक्त आकारमान दाखवतो. दर चौरस किलोमीटरमागे किंवा दर हजार लोकांमागे असे प्रमाण काढून मग रंग द्या.

पोर्टल फार हळू चालते.

नको असलेले लेअर बंद करा, लहान भागावर झूम करा, पार्श्वभूमीची प्रतिमा काढून साधा नकाशा ठेवा. संपूर्ण प्रदेशाचे सगळे बहुभुज एकदम मागितले की ब्राउझर दमतो. मोठा साठा हवा असेल तर भाग पाडून उतरवा.

ही माहिती माझ्या पुस्तकात, ॲपमध्ये, अहवालात वापरू का?

प्रत्येक लेअरचा परवाना वेगळा असतो, पोर्टलचा म्हणून एक नसतो. काही लेअर फक्त श्रेय दिले की वापरता येतात. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाची माहिती २०१२ पासून ओडीबीएल परवान्याखाली आहे: श्रेय द्यावे लागते, आणि त्यात भर घालून तयार केलेला साठा जाहीरपणे वापरला तर तोही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. काही लेअर फक्त पाहण्यापुरते असतात. दोन लेअर एकत्र केले तर दोघांच्याही अटी लागू होतात. श्रेय नकाशावरच, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहा: संस्था, लेअरचे नाव, मोजणीचे वर्ष.

या नकाशावरून माझ्या जमिनीची हद्द ठरेल का?

नाही. हद्दीसाठी अधिकृत मोजणी आणि कागदपत्रेच लागतात. पोर्टलवरची रेषा पाहून शेजाऱ्याशी भांडण काढू नये, कुंपण तर अजिबात घालू नये.

आम्ही गोळा केलेली माहिती टाकता येईल का?

जरूर टाका. स्थानिक लोकांना ठाऊक असलेले पाणवठे, पायवाटा, ठिकाणांची बोलीतली नावे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाहीत. चढवण्याआधी मेटाडेटा भरा, त्यात कसे मोजले ते साध्या शब्दांत लिहा. ‘मोबाइल जीपीएस, पायी फिरून, अमुक महिन्यात’ एवढेही चालते.

काही गोष्टी मात्र अचूक जागेसह टाकू नयेत: लोकांची नावे आणि घरे, आजारी व्यक्तींची ठिकाणे, दुर्मीळ पक्ष्यांची घरटी, उत्खनन न झालेल्या पुरातन जागा. अशा नोंदी मोठ्या चौकटीत एकत्र करून द्या किंवा देऊच नका. नाव काढले तरी एकाकी घराचा बिंदू माणसाची ओळख सांगतो. फोटो जोडत असाल, तर त्यातही मोबाइलने स्थान लपवून ठेवलेले असू शकते. ते पुसून मगच चढवा. एकदा कोणी उतरवून घेतलेली माहिती परत मागवता येत नाही.

नकाशात चूक दिसली तर कोणाला सांगायचे?

‘तुमचा नकाशा चुकीचा आहे’ एवढे लिहिलेल्या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. लेअरचे पूर्ण नाव, जागेचे अक्षांश-रेखांश, नकाशात काय दिसते, प्रत्यक्षात काय आहे, तुम्ही ते कधी आणि कसे पाहिले, हे लिहा आणि जागेचा एक फोटो जोडा. पोर्टलचा अभिप्राय-अर्ज असेल तर त्यातून पाठवा. नसेल तर मेटाडेटात लेअरचा धनी म्हणून ज्याचे नाव आहे त्याला.

दोन संस्थांच्या लेअरमध्ये एकच सीमा वेगळी दिसत असेल, तर दोघांनाही एकाच पत्रात लिहा. दोन्ही रेषा एकत्र दाखवणारा नकाशा जतन करून त्याचा दुवा सोबत द्या. तपासणीला वेळ लागतो, कारण कोणाला तरी प्रत्यक्ष जागेवर जावे लागते. तोवर तुमच्या कामात कोणती रेषा धरली आणि का, ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.